‘डिफरंट’च्या पुढे काय?

इंग्रजीतल्या ‘डिफरंट’ या शब्दापुढे ‘फ्रॉम’ यावं, ‘टू’ यावं की ‘दॅन’? शाळेत इंग्रजी व्याकरण घोटलेल्या बहुतेकांकडे याचं उत्तर तयार असतं: ‘फ्रॉम’, बाकीची दोन्ही चूक. गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात ‘टू’ लिहिणाऱ्याचा गुण जातो, तो मुकाट्याने मान्य करतो आणि पुढे आयुष्यभर इतरांचं ‘टू’ दुरुस्त करत राहतो. माझं म्हणणं असं की हा गुण कापण्याचा अधिकार परीक्षकाला मुळात नाहीच. ‘फ्रॉम’ बरोबर आहे, याबद्दल वाद नाही. पण ‘इथे एवढंच चालतं’ असं धरून प्रश्न काढला असेल, तर चूक प्रश्नपत्रिकेची आहे.

तिन्हींचा इतिहास पाहिला तर यातलं कुणीच उपरं नाही. ‘डिफरंट टू’ सोळाव्या शतकापासून लिहिलं जातंय. ‘डिफरंट फ्रॉम’ शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये सापडतं. ‘डिफरंट दॅन’ सतराव्या शतकापासून आहे. आज ‘फ्रॉम’ सगळीकडे चालतं. ‘टू’ ब्रिटनमध्ये, विशेषतः बोलण्यात, सर्रास ऐकू येतं. ‘दॅन’ अमेरिकेत रुळलेलं आहे. त्यातही ‘दॅन’ची एक सोय अशी की त्याच्यापुढे पूर्ण वाक्य जोडता येतं. ‘डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड’ चार शब्दांत होतं. तेच ‘फ्रॉम’ने सांगायचं तर मध्ये ‘व्हॉट’ घुसवावा लागतो. फाउलर यांनी १९२६ साली छापलेल्या इंग्रजी वापराच्या प्रसिद्ध कोशात ‘डिफरंट’पुढे फक्त ‘फ्रॉम’च येतं या समजुतीला सरळ अंधश्रद्धा म्हटलं आहे. त्याला आता शतक होत आलं. अंधश्रद्धा मात्र ठणठणीत आहे.

‘फ्रॉम’च्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद येतो: क्रियापद ‘डिफर फ्रॉम’ असं आहे, म्हणून विशेषणही ‘डिफरंट फ्रॉम’. ऐकायला पटतं. मग ‘अकॉर्ड विथ’ या क्रियापदावरून ‘अकॉर्डिंग विथ’ का होत नाही? तिथे तर सगळे निमूटपणे ‘अकॉर्डिंग टू’ लिहितात. तर्क हवा तिथे लावायचा आणि अडचण होईल तिथे गुंडाळून ठेवायचा, असा हा नियम आहे. आपल्याच भाषेत पाहा. ‘माझ्याहून वेगळा’ म्हणा किंवा ‘माझ्यापेक्षा वेगळा’ म्हणा. एकात पंचमीचा ‘हून’ आहे, दुसऱ्यात तुलनेचा ‘पेक्षा’. ‘फ्रॉम’ आणि ‘दॅन’ यांच्यात जो फरक आहे तोच, जवळजवळ तंतोतंत. मराठीत यावरून कुणाचा गुण कापल्याचं ऐकिवात नाही. दोन्ही रूपं शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

इंग्रजीतली ही भांडणं कुठून आली, याचं निम्मं उत्तर लॅटिनमध्ये आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या सुशिक्षित इंग्रजाला आपली भाषा ओबडधोबड वाटे आणि लॅटिन आखीवरेखीव. कवी ड्रायडन यांनी १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीवर बोट ठेवलं: वाक्याच्या शेवटी ‘फ्रॉम’ लोंबकळतोय, हे बरं दिसत नाही. (गंमत म्हणजे जॉन्सनने स्वतः इंग्रजीचं व्याकरण लिहिलं होतं.) पुढे १६८४ साली ड्रायडननी आपल्याच जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढताना वाक्याच्या शेवटी राहिलेली असली अव्ययं उचलून मध्ये नेली. शंका आली की आपलं इंग्रजी वाक्य लॅटिनमध्ये करून बघतो, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. एका भाषेचा खरेखोटेपणा दुसऱ्या भाषेच्या मापाने मोजायचा हा उद्योग. लॅटिनमध्ये शब्दयोगी अव्यय नामाला सोडून वाक्याच्या टोकाला जाऊन बसू शकत नाही, म्हणून इंग्रजीतही बसू नये.

यानंतर १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात लिहिलं की आपल्या भाषेचा कल या प्रकाराकडे फार आहे. आणि हे लिहिताना त्यांचं स्वतःचं वाक्यच ‘टू’वर संपलं. ती बहुधा थट्टा होती. १७९५ साली लिंडली मरे यांनी तोच मजकूर घेतला आणि ‘टू’ उचलून वाक्याच्या पोटात ठेवून दिला. थट्टा संपली, नियम उरला. मरे यांचं व्याकरण पुढे पिढ्यानपिढ्या शाळांमधून शिकवलं गेलं.

लॅटिनचा आधार घेतलेला आणखी एक नियम तर पार आडवा झाला. ‘अव्हर्स’ म्हणजे विन्मुख, नाखूश. मुळात लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाठ फिरवलेला’. पाठ एखाद्या गोष्टी‘पासून’ फिरवतात, तेव्हा ‘अव्हर्स फ्रॉम’ हेच योग्य, असं सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या कोशात सांगितलं आणि ‘अव्हर्स टू’ फार वापरलं जात असलं तरी अयोग्य आहे, अशी टीपही दिली. इंग्रजीतला त्या काळचा सर्वांत मोठा कोशकार, व्युत्पत्ती त्याच्या बाजूने, तर्कही त्याच्या बाजूने. आज ‘अव्हर्स फ्रॉम’ लिहिलं तर वाचणाऱ्याला छापणाऱ्याची चूक वाटेल. लोकांनी ‘टू’ लिहायचं थांबवलं नाही, एवढंच घडलं.

शब्दयोगी अव्ययांचा स्वभावच सरकण्याचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘विदस्टँड’ या शब्दात तो अजून शिल्लक आहे. ‘सोबत’ या अर्थाचा जुना शब्द ‘मिड’. तो ‘मिडवाइफ’मध्ये उरला आणि बाकी सगळीकडे ‘विथ’ने त्याची जागा घेतली. म्हणूनच ‘फॉट विथ’ म्हटलं की खांद्याला खांदा लावून लढले की एकमेकांवर तुटून पडले, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. ‘ऑफ’ म्हणजे ‘चा-ची-चे’वाला आणि ‘ऑफ’ म्हणजे ‘वरून, दूर’वाला, हे दोन्ही मुळात एकच शब्द. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये माणसांकडून पाहिलं जाणं हे ‘सीन ऑफ मेन’ असं येतं. आज तिथे ‘बाय’ लागेल. ज्या शब्दांनी हजार वर्षांत इतक्या कोलांट्या मारल्या, त्यांच्यातल्या एखाद्या जोडीवर ‘हीच त्रिकालाबाधित’ असा शिक्का मारणं धाडसाचं आहे.

तर मग काहीही चालतं का? नाही. आणि नेमकी इथेच आपल्या परीक्षांची खरी फसगत आहे. जिथे मुळीच सैल सोडू नये अशा जागा त्या क्वचितच तपासतात. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याला झेलायला चेंडू दे. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याच्यावर फेकून मार. मराठीत ‘तो मला रागावला’ आणि ‘तो माझ्यावर रागावला’ यांत असाच फरक आहे: पहिल्यात बोलणी बसली, दुसऱ्यात कदाचित अबोला असेल. ‘इन टाइम’ आणि ‘ऑन टाइम’ एक नव्हेत. पहिल्यात काही बिघडायच्या आत पोचणं आहे, दुसऱ्यात ठरल्या वेळी.

सगळ्यांत महागात पडणारी जोडी म्हणजे ‘बाय’ आणि ‘अनटिल’. ‘अहवाल शुक्रवारपर्यंत द्या’ आणि ‘दुकान शुक्रवारपर्यंत उघडं आहे’ या दोन्हीकडे मराठीत ‘पर्यंत’ चालतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’ लागतो, दुसऱ्याला ‘अनटिल’. कामाच्या पत्रात ही अदलाबदल झाली तर मुदतीचा अर्थच पालटतो. आणि ‘अनटिल फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा की सोडायचा? यावर माणसं खरोखर अडतात, म्हणून करारात ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’ असं लांबलचक लिहिलेलं सापडतं. अमेरिकन इंग्रजीने ‘मंडे थ्रू फ्रायडे’ असा नेटका तोडगा काढला. त्यात शुक्रवार आलाच, शंकेला जागा नाही. ब्रिटनमधल्या शुद्धतावाद्यांना हा ‘थ्रू’ परका वाटतो, पण कामाला त्यांच्या ‘टू’पेक्षा तो चोख आहे. भारतात १८९७च्या सामान्य वाक्खंड कायद्याला (जनरल क्लॉजेस ॲक्ट) तर ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ या दोन इवल्या शब्दांसाठी एक अख्खं कलम खर्ची घालावं लागलं: कालावधी मोजताना पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ पुरेसा आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’ पुरेसा, असं नववं कलम सांगतं. इथे अव्यय चुकलं तर माणसाचा हक्क बुडू शकतो. काटेकोरपणा हवा तो इथे.

दुसऱ्या प्रकारच्या चुकांत अर्थ कळतो, पण ते रूप इंग्रजीच्या कुठल्याच समाजात रुजलेलं नसतं. ‘डिपेंड ऑफ’, ‘अराइव्ह टू’, ‘मॅरीड विथ’. यातलं शेवटचं तर्काला धरूनच आहे. आपणही कुणा‘शी’ लग्न करतो आणि स्पॅनिश बोलणाराही कुणा‘सोबत’ करतो. इंग्रजीने ‘टू’ निवडला, त्याला कारण विचारण्यात अर्थ नाही. इथे दुरुस्ती करावी, कारण शिकणाऱ्याला जी भाषा शिकायची आहे तिच्यात हे कुणी म्हणत नाही. हा निकष लक्षात ठेवण्याजोगा आहे: ते तर्काला धरून आहे का, व्युत्पत्तीला धरून आहे का, हे विचारण्यापेक्षा जाणती माणसं सातत्याने तसं लिहितात का, ते पाहावं.

आता अडचणीचा भाग. ‘डिस्कस अबाउट’ ही चूक म्हणून जगभर बदनाम आहे. भारतातल्या, नायजेरियातल्या आणि इतर अनेक देशांतल्या इंग्रजीत ती भरपूर सापडते, आणि ती वापरणाऱ्यांत उच्चशिक्षितही असतात. ती येते कुठून, हे उघड आहे. ‘टॉक अबाउट’ आहे, ‘डिस्कशन अबाउट’ आहे, मग ‘डिस्कस’नेच काय पाप केलं? भाषा अशाच साम्यावरून वाढते. अमेरिकेत अनेक तरुण ‘बाय ॲक्सिडेंट’ऐवजी ‘ऑन ॲक्सिडेंट’ म्हणतात, तेही ‘ऑन पर्पज’च्या साम्यावरून. मुद्दाम केलं ते ‘ऑन’, तर चुकून झालं तेही ‘ऑन’. दोन्ही घटनांमागची यंत्रणा एकच आहे. पण एकीला ‘पिढीतला बदल’ म्हणून कुतूहलाने पाहिलं जातं आणि दुसरीला ‘कच्चं इंग्रजी’ म्हणून हसलं जातं.

उलट दिशेनेही पाहा. ब्रिटिश माणूस निर्णया‘विरुद्ध’ निषेध करतो, म्हणजे ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’. अमेरिकन माणूस ‘अगेन्स्ट’ गाळून थेट ‘प्रोटेस्ट द डिसिजन’ म्हणतो. ब्रिटिश माणूस मित्राला ‘राइट टू मी’ म्हणेल, अमेरिकन ‘राइट मी’. अव्यय गाळण्याचा हा हक्क अमेरिकेला मिळाला, कोशांनी शेजारी त्या देशाचा शिक्का मारून तो नोंदवला, आणि विषय मिटला. अव्यय जोडण्याचा हक्क लागोसला किंवा सिंगापूरला का मिळत नाही, याचं व्याकरणात उत्तर शोधून सापडणार नाही. ते छापखाने, विद्यापीठं आणि पैसा कुणाकडे आहेत, यात आहे.

एवढं म्हणूनही मी ‘डिस्कस अबाउट’ लिहिणाऱ्याला ‘अबाउट’ खोडायलाच सांगेन. त्याचं पत्र जो वाचणार आहे, तो अन्यायाचा इतिहास वाचायला बसलेला नसतो. त्याची नजर अडखळते आणि मनात मत तयार होतं. व्यवहारात हा सल्ला योग्य आहे. फक्त तो व्यवहाराचा सल्ला आहे हे सांगून द्यावा. ‘तुझं इंग्रजी चुकीचं आहे’ आणि ‘हे रूप अजून छापील इंग्रजीत मान्य झालेलं नाही’ या दोन वाक्यांतलं अंतर वर्गात बसलेल्या मुलाला नीट कळतं. पहिलं ऐकून तो बोलायचा थांबतो.

आणि थांबणं हे सगळ्यात कमी नुकसान. भीतीतून नव्या चुका जन्मतात, त्या अधिक वाईट असतात. ‘बिट्वीन यू अँड आय’ हे त्याचं जुनं उदाहरण. ‘मी’ म्हणजे ‘मला’वालं इंग्रजी ‘मी’ अशिक्षितपणाचं, असं इतक्या वेळा बजावलं जातं की माणूस ‘बिट्वीन’नंतर हवं असलेलं साधं ‘मी’ही टाकून ‘आय’च्या आडोशाला जातो. भीतीशिवायही ते घडत असावं, कारण शेक्सपिअरचा अँटोनिओ ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पत्रात अगदी हेच लिहितो, पण आज त्यामागे बहुतेक वेळा धास्तीच असते.

कचेरीतल्या ‘इन रिगार्ड्स टू’चं तेच. मुळात ‘इन रिगार्ड टू’ आणि ‘विथ रिगार्ड टू’ ही एक जोडी, त्यांना शेवटी ‘एस’ नाही. ‘ॲज रिगार्ड्स’ वेगळं, त्यात ‘रिगार्ड्स’ क्रियापद आहे म्हणून ‘एस’ आणि पुढे ‘टू’ नाही. या दोघांची भेसळ होऊन ‘इन रिगार्ड्स टू’ झालं. ते चूक की बरोबर, यावर लोक तावातावाने बोलतात. मला ‘एस’ खटकतो, पण त्याहून खटकतं ते हे की त्या जागी ‘अबाउट’ लिहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. ‘अबाउट युवर ॲप्लिकेशन’. माणूस ते लिहीत नाही, कारण ‘अबाउट’ शाळेतला वाटतो आणि भारदस्त दिसायचं असतं. ‘इन रिस्पेक्ट ऑफ’, ‘इन टर्म्स ऑफ’, ‘विथ रेफरन्स टू’ ही सगळी त्याच घराण्यातली. यांच्या शुद्धाशुद्धतेवर वेळ घालवण्यापेक्षा शिक्षकाने दहापैकी आठ वेळा त्यांना काट मारावी.

शुद्धतेचं हे वेड कुठवर जातं, याचा नमुना इंग्रजी विकिपीडियावर आहे. तिथल्या एका संपादकाला ‘कम्प्राइज्ड ऑफ’ ही रचना सहन होत नाही. २०१५ सालापर्यंत त्याने ती ४७ हजारांच्या वर ठिकाणी बदलली होती. चिकाटीला दाद द्यावी लागेल. पण जी रचना एका माणसाला ४७ हजार वेळा खोडावी लागते, ती इंग्रजीत नाही असं कसं म्हणायचं?

यावर शिक्षकांचा एक आक्षेप रास्त आहे. वर्गात तीन-तीन पर्याय सांगून मुलं गोंधळतात. त्यांना काहीतरी एक सांगावं लागतं. मान्य. ‘डिफरंट फ्रॉम’च सांगा, ते कुठेही खपतं. शिकवताना एक सांगणं आणि तपासताना एकच स्वीकारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली गल्लत होते ती इथे. सुरक्षित रस्ता दाखवणं हे शिक्षकाचं काम. दुसऱ्या चालू रस्त्याने आलेल्याला अडवणं हे परीक्षकाचं काम नाही. ‘ॲट द वीकेंड’ लिहिणारा लंडनच्या बाजूचा असेल, ‘ऑन द वीकेंड’ लिहिणारा न्यूयॉर्कच्या. दोघांनाही पुरते गुण हवेत. ज्या प्रश्नाचं उत्तर अटलांटिक महासागर ओलांडला की बदलतं, त्या प्रश्नाने उमेदवाराने लहानपणी कुठलं पाठ्यपुस्तक वाचलं एवढंच कळतं. त्यावर नोकरी, प्रवेश किंवा व्हिसा ठरत असेल तर हा किरकोळ व्याकरणाचा विषय राहत नाही.

म्हणून प्रश्न काढणाऱ्यांवर एक साधी अट असावी. अव्ययावरचा कुठलाही एका गुणाचा प्रश्न छापण्याआधी एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन असे दोन मोठे शब्दकोश उघडायचे. दोहोंपैकी एकातही दुसरं अव्यय बिनशर्त मान्य दिसलं तर तो प्रश्न बाद. कोशात स्पष्ट काही नसेल तर शब्दसंग्रह आहेत: नव्वदीच्या दशकात पूर्ण झालेल्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्दांचा खराखुरा लिहिलेला-बोललेला मजकूर आहे, समकालीन अमेरिकन इंग्रजीचा तसाच संग्रह १०० कोटींच्या पुढे गेला आहे. ‘बोअर्ड ऑफ’ किती, ‘बोअर्ड विथ’ किती, हे तिथे काही मिनिटांत कळतं. अठराव्या शतकातल्या व्याकरणकाराकडे हे साधन नव्हतं, त्याला कानावर आणि लॅटिनवर भिस्त ठेवावी लागली. आजच्या प्रश्नकर्त्याला ती सबब नाही. तरीही प्रश्न चुकून छापला गेलाच, तर उमेदवाराने कोशातली नोंद दाखवल्यावर उत्तरसूची बदलायची, आणि तो गुण तक्रार न करणाऱ्यांनाही द्यायचा.